चि. मयुरीस, हैदराबादला निघताना

सोलापूर,
मंगळवार, रात्र

चि. मयुरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा पहाटे हुसेनसागर एक्स्प्रेस फलाटावर जेवढी थांबेल तेवढाच आपल्याला वेळ. त्यात रेश्मा आणि मनीषा सामान चढवणार, आणि डब्यातलं आधी काय खायचं, नंतर काय, हे आई खिडकीतून सांगत बसणार. माझं बोलणं राहूनच जाईल. म्हणून हे पत्र पिशवीत ठेवतोय, धपाट्यांच्या खाली. तेलकट झालं असेल तर आईला बोल, मला नको.

रविवारी फोन तू ठेवलास. "आप्पा, मी चार दिवस मजा करायला चाललेय, अ‍ॅडमिट व्हायला नाही," असं म्हणून ठेवलास. मी रागावलो नाही. उलट तुझं वाक्य मला आवडलं, आईलाही ऐकवलं. ती म्हणाली, तुमच्याच वळणावर गेलीय. तर त्या विषयावर या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. हैदराबादचंच लिहितो.

नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, सदाशिवपेठ, संगारेड्डी. कंडक्टरकीमुळे हा रस्ता मला झोपेत पाठ. आई सांगेल, मी खरंच झोपेत थांबे पुकारायचो. पण इतकी वर्षं त्या गावाला जाऊन मी हैदराबाद पाहिलं का, तर नाही. गाडी मुक्कामी. संध्याकाळी पोचायचं, पैसे मोजायचे, वेबिलावर तिकिटांचा हिशोब पुरा करायचा, हातपाय धुऊन पडायचं, सकाळी परत डबल बेल. एकदाच दस्तगीरभाईंनी मला ओढून चारमिनारला नेलं. १५९१ सालचा तो मिनार, खाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघितलं. लाड बाजारात आईसाठी लाखेच्या बांगड्या घेतल्या, त्या तिला घट्ट निघाल्या. अजून कपाटात आहेत, देत नाही ती कुणाला. एवढंच माझं हैदराबाद. हो, आणि बुद्धाची मूर्ती. १९९० साली हुसेनसागर तलावातून तराफ्यावर नेताना ती बुडाली, माणसंही गेली त्यात. दोन वर्षांनी वर काढून उभी केली. तोवर आमच्या गाडीत जो चढायचा तो तेच सांगायचा, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात मूर्तीचं वजन वेगळं.

म्हणून तू जेव्हा म्हणालीस की काहीच ठरवलेलं नाही, उशिरा उठायचं, इराण्याकडे बसायचं, मनात आलं तर फिरायचं नाही तर खोलीत गप्पा मारायच्या, तेव्हा हा बेत झाला तरी कसा, हेच मला आधी कळेना. चार जणी चार ठिकाणांहून सुट्ट्या जमवून जाताय आणि करायचं काही नाही! रात्री पडल्या पडल्या मात्र हेवा वाटला. खोटं कशाला सांगू. आम्ही कामावरचे मित्र एकत्र असायचो ते गाडी बंद पडली तर.

इराण्याकडे सकाळी जा. तिथं चहाचं पाणी वेगळं उकळत असतं, दूध वेगळं आटत असतं, कपात दोन्ही एकत्र येतात. सोबत उस्मानिया बिस्किट, थोडं खारट थोडं गोड. चहा मात्र गोडच येतो, साखर कमी सांगून फारसा उपयोग होत नाही. तू हिशोबात धरशीलच.

बघ, आलंच.

आलंय तर लिहून टाकतो. श्रीदेवीला तुझ्या मधुमेहाचं माहीत आहे, ती शाळेपासून तुझ्याबरोबर आहे. मनीषाला थोडंफार. रेश्माला काहीच नाही. आणि परवा तू म्हणालीस, खोल्या दोन आहेत, तू आणि रेश्मा एका खोलीत. गोवळकोंड्याला साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. फत्ते दरवाजात टाळी वाजवली की वर बालाहिसारला ऐकू येते म्हणतात, तुम्ही चौघी ती वाजवल्याशिवाय आणि वर चढल्याशिवाय राहणार नाही. दिवसभर चाललं की साखर त्याच वेळी उतरते असं नाही, रात्री झोपेतही उतरते, हे डॉक्टरांनी आपल्या दोघांसमोर सांगितलं होतं. मग रात्री दोन वाजता शेजारच्या पलंगावर कोण आहे? रेश्मा.

तुला सगळं येतं हे मला माहीत आहे. सत्तरच्या खाली गेली की तीन-चार चमचे साखर, पंधरा मिनिटं थांबायचं, परत तपासायचं. इन्सुलिनचं पेन कुठल्या कप्प्यात ठेवायचं, हॉटेलच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या खणाजवळ का नाही ठेवायचं, सुरू केलेलं पेन चार आठवड्यांनी का टाकायचं, हे तूच मला शिकवलंस. पूर्वी जेवण घड्याळावर होतं, इकडे साडेआठ वाजले की आई ताट वाढून दारात उभी. आता तू जेवताना घेतेस, उशीर झाला तरी चालतं, हेही समजावलंस. मी जुन्या वेळापत्रकावर अडकलोय, कबूल. पण तुला येतं ते तू शुद्धीत असताना. नसशील तेव्हा कुणाला तरी यायला हवं की नको? तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन लावायचा. तीन गोष्टी. रेश्मा बँकेत कॅशवर बसते, तिच्या लक्षात तीन गोष्टी राहतील.

पुरे. व्याख्यान झालं. माफ कर. ड्युटी संपली तरी "पुढे सरका, पुढे सरका" म्हणायची सवय जात नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, आज सांगतो. तुझा मधुमेह निघाल्यानंतरच्या वर्षातली. हुमनाबादच्या अलीकडे गाडीत एक माणूस, चांगल्या कपड्यातला, बरळायला लागला. शेजारच्या बाईच्या अंगावर कलला. गाडीत आरडाओरडा, पिऊन चढलाय, उतरवा त्याला. दोघे जण उठले पण. मी जवळ गेलो तर वास काही नाही, आणि गार हवेत त्याचा शर्ट घामानं भिजलेला. तो घाम मी ओळखला. तुझ्या कपाळावर पाहिला होता. तेव्हा खाकी शर्टाच्या वरच्या खिशात साखरेची पुडी असायचीच माझ्या, तू गाडीत नसलीस तरी. गिळता येत होतं त्याला, म्हणून पाण्यात कालवून घोट घोट पाजली. जहीराबाद यायच्या आधी तो नीट बसून मला विचारत होता, माझी चप्पल कुठंय? त्याला उतरवायला उठलेले दोघे खिडकीबाहेर बघत बसले.

तो माणूस वाचला, कारण कंडक्टरला मुलगी होती. तुझ्याबरोबर जीव टाकणाऱ्या मैत्रिणी आहेत आणि त्यांना ठाऊक नाही. मला एवढंच खुपतं.

आत्या म्हणते ते तुझ्या डोक्यात आहे, मला कळतं. स्थळं, चारचौघांत बोलणं, "जगाला कशाला सांगायचं." आत्या अजूनही समजते की तू गड्ड्याच्या जत्रेत जिलेबी खाल्लीस म्हणून झालं. सातवीत होतीस तू. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी एवढी गर्दी, आणि तुझं आपलं पाणी, पाणी. होम मैदानावर प्रत्येक स्टॉलवर पाणी. पाळण्यातही बसायचं नव्हतं तुला. महिनाभरात गाल बसले होते, आम्हाला वाटलं उंची वाढतेय. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात साखर ४८० निघाली. डॉक्टरांनी कागदावर स्वादुपिंडाचं चित्र काढून दाखवलं होतं, शरीरच इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकतं, गोड खाण्याशी याचा संबंध नाही. तो कागद आई रडत रडत बघत होती आणि तू विचारलंस, "सुई मी स्वतः टोचू शकते का?" डॉक्टर हसले. तू नाही हसलीस. त्याच संध्याकाळी टोचून दाखवलीस. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, आठवतं?

त्या पोरीनं आज स्वतःच्या पगारातून मैत्रिणींबरोबर सहल काढलीय. शेजारच्या कुलकर्ण्यांना मी दोन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "हैदराबादला ना?"

आता कामाचं. पिशवीत शेंगा चटणी आहे, कडक भाकरी आहे, पाच-सहा दिवस काही होत नाही तिला. शेंगा पोळ्या मोजून चार आहेत, आईनं मापात केल्यात. त्यातली तुझी कोणती हे विचारू नकोस, सगळ्या सारख्याच आहेत. आबिड्सकडे खोली घेतलीय म्हणालीस ते बरं केलंस, नामपल्ली स्टेशनवरून जवळ. औषधाच्या दुकानात श्रीदेवीला पुढे कर, ती घरचं तेलुगू बोलते. उन्हात ठेवलेल्या गाडीत पेनची पिशवी सोडू नका. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, तेव्हा गुरुवारी नाही तर शनिवारी जा. तिथल्या मोठ्या घड्याळात दर तासाला एक बाहुला येऊन टोले देतो, त्यासाठी लोक आधीपासून बसून राहतात. तुम्हाला नाही तरी बसायचंच आहे.

लाड बाजारात गेलात तर आईच्या मापाच्या बांगड्या आण. माप मी सुतळीनं घेतलंय, चटणीच्या डब्यावर गुंडाळलंय. ती विचारेल तर सुतळी डब्याला बांधायलाच होती म्हण.

रोज फोन करू नकोस, मीही करणार नाही. रेश्माला सांगितलंस की फक्त एक मेसेज टाक, "सांगितलं" एवढाच. ती काय म्हणाली, चेहरा कसा झाला, तीन गोष्टी नीट समजल्या का, हे मी विचारणार नाही. आल्यावर विचारीन.

तुझे
आप्पा