आधी ‘नाही’ म्हणालात, म्हणून

तीर्थस्वरूप मॉ-मॉ (आजी) यांस,
साष्टांग नमस्कार.

येत्या मंगळवारी हे पत्र घेऊन आम्ही येऊ आणि माझी लेक तुम्हाला ते इंग्रजीत वाचून दाखवेल. मराठीत लिहिते आहे, कारण तुम्हीच तसं सांगितलंत. ‘आभाराचं पत्र लिहू का?’ असं विचारलं तेव्हा म्हणालात, ‘तुझ्या भाषेत लिही. माझ्या आजीला तिच्या भाषेत लिहू दिलं नाही.’ अमेरिकेतल्या तुमच्या लुइझियाना राज्याच्या 1921 च्या राज्यघटनेनं शाळांतून फ्रेंच हद्दपार केली आणि तुमच्या आजीला ‘मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही’ ही ओळ पुन्हा पुन्हा लिहावी लागली. ते ऐकल्यावर इंग्रजीत लिहायला हात धजला नाही.

आम्ही रत्नागिरीचे. आमच्या घरी जवळा, कोळंबी, सोडे यांच्याशिवाय आठवडा जात नाही आणि माझ्या लेकीला नेमकी त्याचीच अॅलर्जी आहे. खेकडा, कोळंबी, तुमच्याकडचे गोड्या पाण्यातले क्रॉफिश, सगळं वर्ज्य. माहेरी गेलो की माझी आई सकाळी पहिल्यांदा तिच्यापुरती आमटी-भात करते, तो झाकून बाजूला ठेवते आणि मगच सोड्यांचा डबा उघडते. आधी तिचं, मग आमचं.

दोन वर्षांपूर्वी, इथे लाफायेतला येण्याआधी, एका दुसऱ्या शहरात जेवायला गेलो होतो. ‘यात कोळंबी नाही ना?’ असं मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा हसून ‘नाही’ म्हणाले. बटाट्याच्या तळलेल्या काड्यांत कोळंबी नव्हतीच. ती त्या तेलात आधी तळून झाली होती. दहा मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, श्वास वाजायला लागला. मांडीत इंजेक्शन मीच दिलं. त्यानंतर आम्ही बाहेर जेवणं सोडूनच दिलं. वाढदिवस असो, सहल असो, तिचा डबा बरोबर. इथे पाकिटावर काय काय आहे ते छापावं लागतं, ताटावर नाही.

म्हणून मार्चमधल्या त्या शुक्रवारी तुमच्या पबमध्ये आलो, तेही तिच्या वर्गमैत्रिणीच्या आईनं फार आग्रह केला म्हणून. लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांतला शुक्रवार, मांस वर्ज्य, त्यामुळे अख्खी आळी क्रॉफिश खायला लोटलेली. बाहेर गॅसवर मोठमोठी पातेली उकळत होती, लाल झालेले क्रॉफिश, मका आणि बटाटे थेट कागद अंथरलेल्या टेबलांवर ओतले जात होते. आत अकॉर्डियन वाजत होतं. मी लेकीचा हात धरून दारातच उभी राहिले. काउंटरवरच्या मुलीला नेहमीचा प्रश्न विचारला. ती उत्तर न देता आत गेली आणि तुम्हाला घेऊन आली.

तुम्ही माझ्याशी नाही, आधी तिच्याशी बोललात. ‘शा, बाळा, तुला अंगावर उठतं की दम लागतो?’ ती म्हणाली, ‘दम लागतो.’ तुम्ही अॅप्रनला हात पुसत सरळ सांगितलंत: ‘आज इथे तू काही खायचं नाहीस. माझा फ्रायर एकच आहे. गंबोच्या रश्शाचं पाणी कोळंबीच्या डोक्यांचं आहे. बाहेरची वाफसुद्धा तुला बरी नाही.’ मग मला म्हणालात, ‘सोमवारी आम्ही बंद असतो, सगळं घासून निघतं. मंगळवारी दुपारी तीनला या. तेव्हा तिच्यासाठी करते.’

मॉ-मॉ, त्या ‘नाही’नं मला रडू आलं होतं. शुक्रवारच्या गर्दीत, गिऱ्हाईक परत पाठवून, इतकं खरं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी ओट्यावर कोरं पातेलं होतं. किमतीची चिठ्ठी अजून त्याच्या कडेला चिकटलेली होती, ती लेकीनं नखानं काढली. तुमच्या आईचं बिडाचं भांडं शेजारी टांगलेलं असताना तुम्ही ते हातात घेतलं नाहीत. इतक्या वर्षांत त्यात काय काय मुरलंय ते तुम्हालाच ठाऊक, म्हणालात. सॉसेजच्या पाकिटावरची यादी तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलीत.

मग गंबोचा पाया, रू. तेल आणि मैदा सारख्या मापानं, मंद आच, आणि लाकडी उलथनं एकदाही थांबवायचं नाही. पाऊण तास! रंग आधी बेसनासारखा, मग भाजक्या शेंगदाण्यासारखा, मग तांब्याच्या नाण्यासारखा आणि शेवटी चॉकलेटसारखा. एक काळा ठिपका दिसला तर सगळं फेकून पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीत बेसन भाजताना माझी आई ओट्याशी अशीच उभी असते, बोलते पण मान वर करत नाही. तुम्हीही मान वर न करता गोष्ट सांगत होतात: इंग्रजांनी 1755 पासून अकेडियातून, म्हणजे आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातून, तुमच्या फ्रेंच पूर्वजांना जहाजांत घालून कसं हाकललं, आणि वर्षानुवर्षं भटकत त्यांतले काही या पाणथळ मुलखात कसे पोचले. गंबो हे नावच मुळी आफ्रिकेतलं, भेंडीचं, आणि वर भुरभुरायची सॅसाफ्रास झाडाच्या पानांची पूड इथल्या मूळनिवासी चोक्टॉ लोकांची. कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची पातेल्यात पडली तेव्हा झालेला चर्र आवाज आणि तो खमंग वास माझ्या अजून डोक्यात आहे.

लेकीनं पहिला घास घेतला आणि सवयीनं माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे. दहा मिनिटं झाली, वीस झाली. तिनं आणखी भात मागितला. तुम्ही तिच्या वाडग्यात बटाट्याच्या सॅलडचा गोळा सोडलात आणि ‘हे असंच खायचं’ म्हणालात. नऊ वर्षांची पोर, त्या तळलेल्या काड्यांच्या प्रसंगानंतर पहिल्यांदा डबा न उघडता चारचौघांत जेवली.

त्या पातेल्याच्या कानाला तुम्ही लाल फीत बांधलीत आणि ते वेगळ्या खुंटीला टांगलंत. आता मंगळवारी आम्ही दारात दिसलो की काउंटरवरची मुलगी आधी हात धुते, मग फीतवालं पातेलं उतरवते. त्या मुलीलाही माझे आभार सांगा.

येताना बेसनाचे लाडू आणते आहे. बेसन, तूप, साखर, वेलदोडा, एवढंच घातलंय. आमच्याकडे वर काजू लावतात, पण तुमच्या नातवाला ते चालत नाहीत, असं रू ढवळताना तुम्ही म्हणाला होतात. परात आणि कढई दोनदा घासून घेतली. डबा कोरा आहे.

तुमची,
मंगळवारच्या पाहुणीची आई