सर्टिफिकेट भिंतीवर, फार्मासिस्ट कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फार्मसीच्या जागा रिकाम्या राहतात, शिकून नोकरी मिळत नाही, पालकांनी विचार करूनच प्रवेश घ्यावा, अशा अर्थाचा मजकूर सध्या सगळीकडे वाचायला मिळतो. आपल्या अंकातही आला. माझी लेक यंदा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेऊन बारावी झाली, एमएचटी-सीईटीत तिला ८७ च्या आसपास पर्सेंटाइल मिळाले, आणि बी.फार्मच्या, म्हणजे फार्मसीच्या पदवीच्या, कॅप राउंडचा (केंद्रीय प्रवेश फेरीचा) ऑप्शन फॉर्म आमच्या घरात चार दिवस अर्धवट भरलेला पडलाय. मी स्वतः १९९७ साली डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, झाले. मधली दोन बाळंतपणं सोडली तर तेव्हापासून परळ-लालबागच्या मेडिकल दुकानांत काउंटरला उभी आहे. म्हणून हे पत्र.

आमच्या चाळीत कुणाच्या मुलीचा फॉर्म भरायचा म्हणजे तो अख्ख्या मजल्याचा असतो. माझे दीर प्रिन्सेस स्ट्रीटला औषधांच्या होलसेलमध्ये आहेत. ते म्हणाले, "वहिनी, पोरीला फार्मसीला घालू नका. बी.फार्म झालेली मुलं आमच्याकडे पंधरा हजारांवर बिलं फाडायला तयार असतात." शेजारच्या काकूंचं म्हणणं, मोबाइलवर बोट दाबलं की औषध दारात येतं, उद्या मेडिकलवाले राहणार आहेत का? लेक सगळं गप्प ऐकत होती. रात्री भांडी लावताना तिने विचारलं, "आई, तुला परत अठरा वर्षांची केली तर तू फार्मसी घेशील?"

मी "हो" म्हणाले. पण तो हो एका दमात आला नाही, आणि का आला नाही ते मला लिहायचंय.

दिरांची काळजी खोटी नाही. कॉलेजं फार झाली म्हणून कॉलेजांना मान्यता देणाऱ्या फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण अशी बंदी नुसत्या कार्यकारी आदेशाने घालता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असणार. पण त्यानंतर आपल्या राज्यात नव्या कॉलेजांची जी भर पडली, तिथे प्रयोगशाळेत काय शिकवतात हे कुणी बघितलं? त्यात कौन्सिलची मान्यता दरवर्षी रखडते, इंजिनिअरिंगचे वर्ग सुरू होऊन महिना होतो तरी आमच्या मुलांच्या प्रवेशाच्या फेऱ्या चाललेल्याच. कंटाळून मुलं दुसरीकडे जातात, आणि मग बातमी येते की जागा रिकाम्या.

कारखान्यांचंही तेच. माझे वडील मुलुंडला एलबीएस रोडवरच्या एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यात होते. दिवाळीला ते बोनस आणायचे आणि सोबत कंपनीच्या औषधांचं एक खोकं. त्या खोक्यातली बारीक अक्षरांची माहितीपत्रकं वाचूनच मला या विषयाची गोडी लागली. आज त्या जागी टॉवर उभे आहेत. २००३ नंतर हिमाचलमध्ये करसवलती मिळाल्या, नवे कारखाने बद्दीकडे गेले, आणि मुंबईत कारखान्यापेक्षा त्याखालची जमीन महाग झाली. उरली ती ऑफिसातली कामं. माझ्या मैत्रिणीचा मुलगा ऐरोलीला फार्माकोव्हिजिलन्समध्ये आहे, औषधांच्या दुष्परिणामांचे देशोदेशीचे रिपोर्ट दिवसभर नोंदवतो. २३ हजारांवर लागला, तीन वर्षांत पगार जवळजवळ दुप्पट झाला. तेव्हा सगळंच बुडालंय असं नाही.

पण ज्या नोकरीबद्दल कुणीच लिहीत नाही, ती कायद्याने आधीच निर्माण केलेली आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं ४२ वं कलम सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं. १९४५ च्या औषध नियमांतला ६५ वा नियमही तेच सांगतो: चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच गेलं पाहिजे. आता हिशेब करा. मुंबईतलं मेडिकल सकाळी आठला उघडतं आणि रात्री अकराला बंद होतं. पंधरा तास. एक माणूस पंधरा तास उभा राहू शकत नाही, म्हणजे एका दुकानात दोन फार्मासिस्ट हवेत. तुमच्या रस्त्यावरची मेडिकलं मोजा आणि दोनने गुणा. मग सांगा, नोकऱ्या नाहीत?

त्या नोकऱ्या भाड्याने गेल्या आहेत. २००८ साली माझं दुसरं बाळंतपण झालं तेव्हा उपनगरातल्या एका दुकानदाराने निरोप धाडला, "ताई, तुम्ही यायचं नाही. फक्त सर्टिफिकेट द्या. महिन्याला दोन हजार घरपोच." आमचे हे तेव्हा बेस्टमध्ये कंडक्टर, घरात दोन लहान मुलं, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तोंडावर. दोन दिवस आम्ही दोघांनी त्यावर विचार केला, हे मी लपवत नाही. तिसऱ्या दिवशी मी नको कळवलं. गेल्या महिन्यात दुसऱ्या एकाने मला दुकानात येऊन विचारलं, "मुलगी फार्मसीला जातेय ना? रजिस्ट्रेशन झालं की सांगा, आठ हजार देऊ." माझ्या मुलीचा अजून प्रवेश झालेला नाही, आणि तिच्या सर्टिफिकेटचं भाडं ठरलंय!

दुकानदाराचं गणित सरळ आहे. आठ हजारांचा कागद भिंतीवर लावला की २५ हजारांचा माणूस ठेवावा लागत नाही. काउंटरवर बारावी नापास झालेला, हुशार, पाठांतर चांगलं असलेला मुलगा उभा करायचा. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला कोणतं औषध कोणत्या खणात आहे ते माझ्यापेक्षा लवकर सापडतं. पण त्याला काय माहीत नाही ते त्याला माहीत नसतं.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. साधारण पन्नाशीच्या एक बाई आमच्या काउंटरवर आल्या. बोटं संधिवाताने वाकडी झालेली. म्हणाल्या, "तोंडात फोड आलेत, पाणीसुद्धा जात नाही, लावायला काहीतरी द्या." जेलची ट्यूब हातात घेतली आणि सवयीने विचारलं, आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत? त्यांनी पिशवीतून दोन पाकिटं काढली. एक फॉलिक ॲसिडची. दुसरी मेथोट्रेक्सेट, साडेसात मिलिग्रॅम. दहाच्या स्ट्रिपमधली सहा घरं रिकामी. पाकिटावर बॉलपेनने लिहिलेलं, १-०-०. म्हणजे रोज सकाळी एक.

संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, माणूस जाऊ शकतो. डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. त्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं, आठवड्यातून एकदा, रविवारी. रोजची होती ती फॉलिक ॲसिडची. घराजवळच्या दुकानातल्या मुलाने दोन्हींवर सारखंच लिहून दिलं होतं. मी ट्यूब बाजूला ठेवली, बाईंना टॅक्सीत बसवलं आणि केईएमच्या कॅज्युअल्टीत घेऊन गेले. सहा दिवसांत सहा गोळ्या, हे मी एका कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात दिलं. नऊ दिवस त्या ॲडमिट होत्या. वाचल्या. त्या दुकानाला मी फोन केला, फार्मासिस्टशी बोलायचंय म्हणाले. उत्तर आलं, "मॅडम बाहेर गेल्यात." तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या वेळी फोन केला. तिन्ही वेळा मॅडम बाहेरच.

तेव्हापासून आमच्या काउंटरवर काळा मार्कर दोरीला बांधलेला आहे. मेथोट्रेक्सेटच्या प्रत्येक पाकिटावर मी मोठ्या अक्षरांत 'फक्त रविवारी' लिहिते आणि पेशंटकडून एकदा वदवून घेते. शिफ्ट बदलताना मार्कर जागेवर आहे की नाही ते आधी बघायचं, असं सकाळच्या पाळीच्या मुलाला सांगून ठेवलंय.

त्या मुलाचंही सांगते. डी.फार्मला पाचशे तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग असतं. दोन वर्षांपूर्वी दोन विद्यार्थी ट्रेनिंगची वही घेऊन आले, न येता नुसता शिक्का मारून द्या म्हणाले. त्यांच्या कॉलेजात बहुतेकांनी असंच केलं होतं म्हणे. मी म्हटलं, उद्या सकाळी आठला या, एक्स्पायरी तपासण्यापासून सुरुवात करू. एकच आला. पाचशे तास पुरे केले, एच-वन रजिस्टर, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांची नोंदवही, कसं भरायचं ते शिकला. पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, औषध, किती दिलं, आणि ही नोंद तीन वर्षं जपायची. तोच आता सकाळच्या पाळीला आहे, २२ हजारांवर.

'कायदा कागदावरच राहणार' असं म्हणणाऱ्यांना मला एक आठवण करून द्यायची आहे. महेश झगडे राज्याच्या एफडीएचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे, आयुक्त असताना, २०१२-१३ च्या सुमारास, राज्यभर दुकानांत फार्मासिस्ट हजर आहे की नाही याची तपासणी सुरू झाली. विक्रेत्यांच्या संघटनांनी विरोध केला, बंदची हाक दिली, वर्तमानपत्रं त्या वादाने भरली होती. दुकानदारांच्या अडचणी काहीच नव्हत्या असं मी म्हणत नाही. पण त्या वर्षी काउंटरच्या अलीकडे काय झालं ते मी पाहिलंय. मला एका महिन्यात पाच दुकानांतून बोलावणी आली. मालकांनी न मागता माझा पगार साडेतीन हजारांनी वाढवला. माझ्याबरोबरच्या दोघी, ज्यांची सर्टिफिकेटं कुठल्याशा भिंतींवर होती, त्या पांढरे कोट शिवून कामावर जाऊ लागल्या. एक कॉलेज बंद झालं नव्हतं, एक जागा कमी झाली नव्हती. फक्त असलेला कायदा वर्ष-दीड वर्ष पाळला गेला. मग हळूहळू सगळं ढिलं पडलं.

काकूंच्या मोबाइलचंही तसंच. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा ऑगस्ट २०१८ मध्ये आला. माझी लेक तेव्हा प्राथमिक शाळेत होती, आता कॉलेजला निघाली, नियम अजून मसुद्यातच आहेत. औषध दारात आलं म्हणून चिठ्ठी वाचणारा माणूस लागत नाही असं थोडंच आहे? त्या गोदामात तो आहे का, हे कुणीतरी जाऊन बघायला हवं.

पालकांसाठी एवढंच. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्ण माफ आहे. मात्र जागा कॅपमधून मिळालेली हवी, मॅनेजमेंट कोट्याला ती सवलत नाही. आमच्या दिरांना हे ठाऊक नव्हतं, खर्चाचा अर्धा वाद तिथेच मिटला. आणि कॉलेज बघायला गेलात तर इमारत बघू नका. तिसऱ्या वर्षाच्या चार मुलांना बाजूला घेऊन विचारा, मागच्या आठवड्यात लॅबमध्ये काय केलंत?

लेकीने फॉर्ममध्ये सगळ्यात वर कलिन्याचं बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी टाकलंय. तिथे ८७ ला नंबर लागणार नाही हे तिलाही कळतं, तरी मी ते खोडू दिलं नाही. खालची नावं आम्ही दोघी रविवारी जाऊन, बघून ठरवली.

आता एफडीएला विनंती. निरीक्षकांची पदं रिकामी आहेत हे आपल्याच पानांवर वाचते, आहेत त्यांच्यावरचा भार मला समजतो. पण मी पाहिलेल्या तपासण्या बहुतेक दुपारी झाल्या. फार्मासिस्ट नसतो तो रात्री. ऑफिसातून सुटून, डॉक्टरांकडे जाऊन लोक औषधं घ्यायला येतात तेव्हा. कृपया रात्री साडेनऊला या. दारावरचा परवाना बघू नका, आत जाऊन सर्टिफिकेटवरचा फोटो आणि काउंटरवरचा चेहरा ताडून बघा. दुपारी तीन ते अकरा माझी पाळी असते. आमच्या दुकानाचा पत्ता या पत्रासोबत वेगळ्या कागदावर दिला आहे, तो छापू नये, पण एफडीएच्या बीकेसीतल्या कार्यालयात जरूर पोचवावा. सुरुवात आमच्यापासून केलीत तरी चालेल.

आपली,
एक रजिस्टर्ड फार्मासिस्ट
काळाचौकी, मुंबई