मुसोलिनीला आधी घरच्यांनीच पाडले

महोदय,

इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी म्हटले की मिलानच्या चौकात उलटे टांगलेले प्रेत आठवते. पण त्याची सत्ता त्याच्या 21 महिने आधीच गेली होती, तीही स्वतःच्या माणसांच्या हातून. उत्तर आफ्रिका हातची गेली, सिसिलीत दोस्त फौजा उतरल्या, रोमवर बॉम्ब पडले. मग त्याच्याच पक्षाच्या सर्वोच्च मंडळाने, फॅसिस्ट महापरिषदेने, रात्रभर खल केला आणि 25 जुलै 1943 च्या पहाटे 28 पैकी 19 जणांनी त्याच्याविरुद्ध कौल दिला. त्यात जावई चियानोही होता! दुपारी राजाला भेटून बाहेर पडताच ‘ड्यूचे’ला (म्हणजे ‘नेत्या’ला, मुसोलिनीला) अटक करून रुग्णवाहिकेत बसवले, तुमच्या सुरक्षेसाठीच, असे सांगून. वीस वर्षे छाती काढून मिरवणारे त्याचे काळे डगलेवाले फॅसिस्ट स्वयंसेवक जागचे हलले नाहीत.

राजाचे तरी काय कौतुक? सप्टेंबरात युद्धबंदी जाहीर करून तो रोम वाऱ्यावर सोडून पळाला आणि जर्मनांनी देशाचा बराचसा भाग व्यापला. त्यांना हटवायला दोस्तांच्या बाजूने भारतीय जवानही इटलीत लढले. नाईक यशवंत घाडगे जुलै 1944 मध्ये टायबरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले, शिपाई नामदेव जाधव यांनी एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीकाठी जखमी साथीदार पाठीवरून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. ही लढाई जर्मनांशी होती, हे आपल्याकडच्या भाषणांत सहसा येत नाही.

– एक वाचक, सातारा