टेपने मोजलेली फुली : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ
यांस सविनय नमस्कार.

माझा धाकटा भाऊ देवासला किराणा दुकान चालवतो. डिप्रेशनवर तीन औषधं बदलून झाली, तेव्हा इंदूरच्या एका खासगी दवाखान्यात चुंबकीय उपचार (डोक्यावर कॉइल धरून मेंदूच्या ठरावीक जागी चुंबकीय ठोके देणं) सुरू केले. पहिल्या दिवशी कॉइल डोक्यावर फिरवत उजव्या हाताचा अंगठा कुठे उडतो ते पाहिलं, तिथून टेपने साडेपाच सेंटिमीटर पुढे मोजलं आणि टोपीवर पेनाने फुली मारली. आमचा राजवाड्याजवळचा शिंपीही बाहीचं माप दोनदा घेतो! मग रोज टकटकटक, सुतारपक्षी बसावा तशी.

ठोके द्यायची जागा याहून नेमकी शोधता येते. डाव्या कपाळामागचा कुठला ठिपका खोलवरच्या सबजेन्युअल सिंग्युलेटशी (मेंदूतला उदासीशी जोडलेला भाग) उलट्या तालात चालतो (हा चढला की तो उतरतो), ते विशेष एमआरआयवर दिसतं आणि माणसागणिक बदलतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची पद्धत यावरच उभी आहे : दिवसाला 10 सत्रं, 5 दिवस. तिथे 2022 मध्ये तिला परवानगी मिळाली.

तेच इथे आणा, असं लिहायला बसले होते. पण त्या पद्धतीची चाचणी जेमतेम 29 जणांची. इंग्लंडमध्ये 255 रुग्णांच्या चाचणीत एका गटाची जागा मेंदूतली जोडणी (कुठला भाग कुणाच्या तालावर चालतो ती) पाहून ठरवली, दुसऱ्याची साध्या एमआरआयवरून. 2024 मध्ये निकाल आला : दोन्ही गट सुधारले, फरक दिसला नाही. म्हणून जोडणी शोधणाऱ्या महागड्या सॉफ्टवेअरवर आत्ताच पैसे घालू नका.

साधं यंत्र घ्या. कॅनडातल्या 2018 च्या चाचणीत 3 मिनिटांचं सत्र जुन्या साडेसदतीस मिनिटांच्या सत्राला कुठेच कमी पडलं नाही. म्हणजे एका सकाळी एका यंत्रावर दहा-बारा जण सहज होतील. इंदूरमधल्या बाणगंगेच्या सरकारी मानसिक रुग्णालयात एक यंत्र आणि नीट शिकलेला एक तंत्रज्ञ द्या. एमआरआय एकदाच लागतो, तो मेडिकल कॉलेजात व्हावा. जोडणीचा स्कॅनही त्याच वेळी काढून, कोण बरं झालं याच्या नोंदीसह जपा. पुढे आपल्याच रुग्णांवरून कळेल, त्याचा उपयोग होतो की नाही.

विम्याचं काय सांगू? ‘भरती नव्हते’ म्हणून कंपनीने भावाचा दावा फेटाळला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं 21 वं कलम मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या म्हणतं, ते कंपनीला दाखवूनही झालं.

आणखी एक. भाऊ सहा आठवडे रोज बसने आला, दुकानाचं शटर खालीच राहिलं. बाहेरगावच्यांची सत्रं सकाळी 9 च्या आत ठेवा, म्हणजे बारापर्यंत घरी पोचता येईल.

कळावे,
एक बहीण, इंदूर