शेवंडीच्या लांबीच्या नोंदी प्रसिद्ध व्हाव्यात

महोदय,

सागरी मासेमारीचे वार्षिक आकडे जाहीर होतात तेव्हा किती टन माल उतरला एवढेच सर्वसामान्यांना कळते. शेवंडीच्या (लॉबस्टरच्या) बाबतीत तेवढ्याने भागत नाही. उतरलेल्या शेवंडीची लांबी, नर-मादी आणि जाळ्याचा प्रकार यांच्या बंदरनिहाय नोंदी मत्स्यव्यवसाय विभागाने दरवर्षी लोकांसमोर ठेवाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शेवंड कात टाकूनच वाढते. माशाचे वय त्याच्या कानातील खड्यावरच्या वलयांवरून काढतात, तशी सोय येथे नसल्याने डोळ्यांवरील शिंगांच्या मधून कवचाच्या मागील काठापर्यंतची लांबी हाच मुख्य पुरावा उरतो. मोठी मादी लहान मादीच्या कितीतरी पट अंडी घालते; त्यामुळे मोठ्या माद्या आधी संपल्या, तरी टनांचा आकडा काही वर्षे टिकून राहतो आणि धोका लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. मुंबईच्या ट्रॉलरना भरपूर मिळणारी, चपट्या अंगाची शेवंड 1994 पर्यंत जवळजवळ नाहीशी झाली, हे आपल्याच किनाऱ्यावर घडले आहे.

अर्थात लांबीची नुसती सरासरीही फसवते. पिल्ले भरपूर आली तरी सरासरी घटते, आणि नियम बदलला तरी घटते. दक्षिण आफ्रिकेत शेवंडीची वाढ मंदावल्यामुळे 1990 च्या दशकाच्या प्रारंभी पकडण्यासाठीची किमान लांबी 89 वरून 75 मिलिमीटरवर आणावी लागली. त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे सरसकट शेजारी मांडून काहीही सिद्ध होणार नाही. म्हणूनच एकाच प्रकारच्या जाळ्याच्या, एकाच हंगामातील, दीर्घकाळच्या नोंदी हव्यात.

हा प्रश्न सांगलीकराने का मांडावा, असे कोणी विचारील. केंद्र सरकारने 2003 मध्ये निर्यातीसाठी किमान वजन ठरवले. आपल्या किनाऱ्यावर प्रामुख्याने मिळणाऱ्या जातीसाठी ते 300 ग्रॅम आहे. परंतु ते बंधन निर्यातीपुरते असल्याने त्याहून लहान माल देशातल्या बाजारांकडे वळणार, हे उघड आहे. गेल्या हिवाळ्यात येथील एका विक्रेत्याकडे बर्फावर ठेवलेली शेवंड मी काट्यावर ठेवायला सांगितली, तर ती पावणेतीनशे ग्रॅमही भरली नाही. शेपटीखाली नारिंगी अंड्यांचे घोस तसेच चिकटलेले होते. विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण घाटाच्या अलीकडे आकार कोणी तपासतच नाही.

निर्यातीचीच मर्यादा देशी विक्रीलाही लागू करावी, अंडी धरलेल्या मादीची विक्री थांबवावी आणि सांगली-मिरजेसारख्या बाजारांतही अधूनमधून मोजमाप व्हावे. विभागाकडे जुन्या नोंदी असतील, तर त्या आधी खुल्या कराव्यात.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, विश्रामबाग, सांगली