इंजेक्शन निष्प्रभ झाले, म्हणजे सारे संपले नाही

संपादक महोदय,

प्रोस्टेटच्या कर्करोगात पुरुषी हार्मोन दाबणारे इंजेक्शन चालू असूनही पीएसए, म्हणजे या रोगाचा माग देणारा रक्तातला घटक, पुन्हा चढू लागला, की घरचे लोक हात टेकतात. एवढी घाई कशाला? अ‍ॅबिराटेरोन किंवा एन्झालुटामाइडच्या गोळ्या, डोसेटॅक्सेलची केमोथेरपी, तीही थकली तर कॅबाझिटॅक्सेलची आहे. रोग हाडांत असून इतर अवयवांत नसेल, तर रेडियम-२२३ या किरणोत्सारी औषधाचा विचार होतो. बीआरसीए जनुकात दोष असल्यास ओलापॅरिबची गोळी उपयोगी पडते. पण त्यासाठी आधी जनुकीय तपासणी हवी, आणि नेमकी तीच राहून जाते! २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी औषध, कर्करोगाच्या पेशींवरचे पीएसएमए हे प्रथिन दाखवणाऱ्या स्कॅनवर गाठी उजळल्या तरच देतात. वेदनाशमन तज्ज्ञाला अगदी शेवटी बोलावणे तर मला मुळीच पटत नाही. हाडांचे दुखणे त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते.

– एक वाचक