राइट फिल्डला टाकलं म्हणून

चि. बंड्यास अनेक आशीर्वाद.

बेसबॉलच्या कोचनी तुला सेंटरवरून, म्हणजे मैदानाच्या मागच्या मधल्या जागेवरून, राइट फिल्डला, म्हणजे उजव्या कोपऱ्यात हलवलं आणि तू आईला म्हणालास, ‘जिथं बॉल येत नाही तिथं टाकलं.’ लहान पोरांच्या लीगमध्ये तसं असतं खरं. बहुतेक बॅटर उजव्या हाताचे, त्यांचे जोरातले फटके लेफ्टला, म्हणून कच्चा गडी राइटला. हायस्कूलपासून पुढे मात्र गणित उलटतं, कारण राइटवरून थर्ड बेस सगळ्यात लांब. पहिल्या बेसवरचा रनर एका सिंगलवर, म्हणजे एका बेसच्या फटक्यावर, तिसऱ्यापर्यंत जाणार की दुसऱ्यावर थांबणार, हे राइट फिल्डरचा हात ठरवतो. एप्रिल २००१ मध्ये ओकलंडच्या टेरेन्स लाँगचा हा अंदाज चुकला. सिअ‍ॅटलचा राइट फिल्डर इचिरो सुझुकी याचा थ्रो टप्पा न पडता थर्ड बेसवर आला आणि लाँग आउट झाला. त्या इचिरोलाही २००६ मध्ये सेंटरला हलवलं, २००७ चा मोसम त्यानं तिथंच काढला आणि २००८ मध्ये तो परत राइटला आला. उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार २००१ ते २०१० दरवर्षी मिळतच राहिला. तेव्हा फुगून बसू नकोस.

आता कामाचं. सेंटरला चेंडू बराचसा सरळ यायचा. राइटला तो जवळजवळ नेहमी फाउल लाइनकडे, म्हणजे तुझ्या डावीकडे वळतो. डावखुऱ्यानं ओढलेला असो, नाहीतर उजव्या हाताच्या बॅटरला उशिरा लागलेला. चेंडू दिसतो तिथं पळालास तर तो बाजूनं निघून जाईल. लाइनच्या अंगाला दोन पावलं जास्तीची धर. दुपारनंतर बहुतेक मैदानांवर ऊन राइटलाच डोळ्यांत येतं. ग्लव्हनं सूर्य झाकायचा, चेंडू नाही.

डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूसाठी उलट्या पावलांनी मागे जाऊ नकोस. त्यानं डोकं हिंदकळतं आणि मग चेंडूही उड्या मारताना दिसतो. एक पाय मागे टाकून कंबर उघड, वळ आणि पळ. सगळ्यात फसवा तो थेट तोंडावर येणारा लाइन ड्राइव्ह, म्हणजे सपाट जोरातला फटका, कारण समोरून त्याची लांबी कळत नाही. पहिलं पाऊल मागेच टाक. पुढे पडलेला चेंडू सिंगल देतो, डोक्यावरून गेलेला तीन बेस.

थ्रोबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुझी जागा त्यावर टिकणार आहे. फर्स्ट आणि थर्डवर रनर, एक आउट, उंच फ्लाय तुझ्याकडे. चेंडू पडणार त्या जागेच्या तीन-चार पावलं मागे थांब, तो खाली येताना पुढे चालत ये आणि झेल उजव्या खांद्यासमोर घे. ग्लव्हमधून काढतानाच दोन बोटं शिवणीला आडवी बसली पाहिजेत, म्हणजे चेंडू उलटा फिरत सरळ जातो. बोटं शिवणीच्या बाजूनं लागली की तो सरकतो. मग उजव्या पायावर एक छोटी उडी, डावा खांदा होम प्लेटकडे, हात वरून. उडी पुढे जायला हवी, उंच नको. उंच उडीत रनरला एक पाऊल फुकट मिळतं. नेम कटऑफच्या, म्हणजे मधे थ्रो घ्यायला उभ्या असलेल्या गड्याच्या, डोक्याच्या उंचीवर. होमच्या आधी एक टप्पा पडला तरी बिघडत नाही. बॉल थेट कीपरच्या ग्लव्हजमध्ये द्यायची क्रिकेटची सवय, जी काका तुला सुट्टीत लावतो, ती इथं नडते: कटऑफच्या डोक्यावरून कमान गेली की रन तर होतोच, वर पहिल्या बेसवरचा रनरही दुसऱ्यावर जाऊन बसतो.

इनफिल्डमधल्या ग्राउंडरला, म्हणजे जमिनीवरून गेलेल्या फटक्याला, फर्स्टच्या मागे धाव, तिथला थ्रो सुटला तर अडवायला. बहुतेक वेळा हात हलवत परत येशील, पण स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, तेच बघतात.

धंद्याचं थोडक्यात. मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या, २६ जणांच्या संघात आउटफिल्डर साधारण चार-पाच. ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडणं, २० फेऱ्यांचा, आणि निवड झाली तरी खालच्या लीगांत वर्षं जातात. २०२३ मध्ये त्यांतल्या सगळ्यात वरच्या ट्रिपल-एचा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर होता आणि मेजर लीगचा ७,२०,०००. वर गेल्यावर १७२ दिवसांचं एक वर्ष धरतात, अशी सहा वर्षं भरल्याशिवाय हवा तो संघ निवडता येत नाही. पंचविशीत वर गेलेला माणूस तिशी ओलांडतो तेव्हा मोकळा होतो, आणि तोवर पाय मंदावायला लागलेले असतात. सेंटरवाले मग कोपऱ्यात सरकतात, पण कोपऱ्यातल्या माणसाकडून संघ होम रन मागतात. इचिरो सिंगल्सवर टिकला हा अपवाद, आणि तोही ५०९ बेस चोरण्याइतक्या पायांचा. ऑगस्ट २०१६ मध्ये ३०००वी हिट मारली तेव्हा वय ४२, आणि मायामीत तो चौथा आउटफिल्डर होता. तिन्ही जागा सांभाळणाऱ्यालाच ती चौथी खुर्ची मिळते. हायस्कूलनंतर कुणी निवडलंच तरी माझं मत कॉलेजच्या बाजूनं आहे. चार वर्षांच्या कॉलेजात गेलास की ड्राफ्ट तिसऱ्या वर्षानंतर किंवा २१ व्या वर्षी. तोवर बॅट कुठवर जाते ते कळेल.

शनिवारी मैदान नवं आहे. सामन्याआधी कुणाला तरी राइटच्या भिंतीवर आठ-दहा चेंडू मारायला सांग; लाकडावर, जाळीवर आणि कोपऱ्यात, तिन्ही ठिकाणी. प्रत्येकाचा उसळा वेगळा असतो. २००७ च्या ऑल-स्टार सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या भिंतीवरून चेंडू भलतीकडे गेला, ग्रिफी ज्युनियर राइटला असून चुकला आणि इचिरो चारही बेस पळून आला. आणि भिंतीआधीची मातीची पट्टी किती पावलांची आहे तेही मोजून ठेव.

तुझा,
बाबा